ऑपेरा हाऊसच्या दारावरच्या बॅटरीवाल्या दादाला

दादा, तुमचं नाव विचारायचं राहिलंच. मागच्या शनिवारी रॉयल ऑपेरा हाऊसला गाण्याचा कार्यक्रम होता, आम्ही उशिरा आलो, मी आणि माझी चौऱ्याऐंशी वर्षांची आत्या, पांढरी नऊवारी, हातात काठी आणि काठीपेक्षा मोठी पर्स. आता आठवलं असेल. डोंबिवलीहून येताना लोकलने घात केला म्हणून आत पोचलो तेव्हा दिवे बंद झालेले, गाणं सुरू.

मला वाटलं आता हे थांबवणार, किंवा "मॅडम इंटरव्हलनंतर" म्हणणार. त्याऐवजी तुम्ही बॅटरी काढलीत. आतल्या त्या पायऱ्या अंधारात मलाही दिसत नव्हत्या. तुम्ही आत्याच्या पुढे उलटे, म्हणजे पाठ स्टेजकडे करून, एकेक पायरी उतरत गेलात आणि उजेड बरोबर तिच्या चपलेच्या पुढच्या पायरीवर, ना तिच्या तोंडावर ना बसलेल्या लोकांच्या डोळ्यांत. तिने "हात नको धरूस, मी येते" म्हटलं तर हात नाही धरलात, पण एक वीतभर अंतरावर तसाच ठेवलात. आमच्या मागून दोघं-तिघं आले, चुळबुळ करायला लागले, त्यांना तुम्ही हळूच म्हणालात, "दोन मिनिटं, आत्या बसू देत." मी आत्या म्हणत होते ते ऐकून तुम्हीपण आत्याच म्हणालात. आजी नाही, मॅडम नाही, "ओ मावशी" तर नाहीच. बास, ह्या एका गोष्टीसाठी हे पत्र.

आता हे एवढं का लागलं मनाला ते सांगते.

आत्या फणसवाडीतली, लग्न होईपर्यंत गिरगावातच. ऑपेरा हाऊस म्हणजे तिच्यासाठी पिक्चरचं थेटर. नाटकाचं वगैरे नंतर कळलं. थेटर 1911 सालचं, पंचम जॉर्ज बादशहाने काम पूर्ण व्हायच्या आधीच उद्घाटन केलं. कलकत्त्याचा नाटक कंपनीवाला मॉरिस बँडमन आणि आपल्याकडचे पारशी जहांगीर कराका ह्या दोघांनी बांधलं, साहेब लोकांना ऑपेरा बघायला. पण ऑपेरा बघणारं पब्लिक असणार किती? मग आपली नाटकं आली, बालगंधर्व, दीनानाथ हे सगळे ह्या स्टेजवर उभे राहिलेत. 1935 ला आयडियल पिक्चर्स कंपनीकडे गेलं आणि रीतसर सिनेमा झाला, 1952 ला गुजरातेतल्या गोंडल संस्थानच्या महाराजांनी घेतलं. पुढे व्हिडिओ आला, केबल आली, थेटरं रिकामी पडायला लागली आणि 1993 ला हे पण बंद. तेवीस वर्षं! चर्नी रोडला उतरून त्या बाजूने जाताना आत्या मान वळवायची म्हणे, बघवायचं नाही. बसमध्ये कंडक्टर ऑपेरा हाऊस ऑपेरा हाऊस ओरडायचा, पत्त्यात ऑपेरा हाऊस, हिरेवाल्यांच्या पाटीवर ऑपेरा हाऊस आणि खुद्द ऑपेरा हाऊसला कुलूप.

मग गोंडलवाल्यांनीच ते नीट करायला घेतलं, आर्किटेक्ट आभा नारायण लांबा यांच्या टीमने काम केलं, 2016 च्या ऑक्टोबरमध्ये उघडलं, पुढच्या वर्षी युनेस्कोचं पारितोषिकपण मिळालं. तेव्हापासून आत्याचा धोशा, मला एकदा आत ने. मी आज नेते उद्या नेते करत राहिले.

शेवटी गेल्या वर्षी एका हेरिटेज वॉकचे पैसे भरले, नाव घेत नाही त्यांचं. आधी फोनवर "सिनियर सिटिझन्स वेलकम" आणि प्रत्यक्षात त्यांचा तो स्मार्ट मुलगा सुसाट पुढे, आम्ही मागे. एका ठिकाणी आत्याला दुकानाबाहेर स्टुलावर बसवून ग्रुप पुढे गेला, कारण काय तर टाइम मॅनेजमेंट. वर ज्ञान असं की स्टेजच्या बाजूचे ते बॉक्स, म्हणजे बसायचे वेगळे कप्पे, 1911 पासून जसेच्या तसे आहेत. आत्या म्हणाली, अहो नाही हो, आमच्या वेळी बॉक्सबिक्स काही नव्हतं तिथे. तर तो हसला आणि म्हणाला, आजी, गूगलवर आहे. त्या दिवशी आत जायला मिळालंच नाही, बाहेरूनच फोटो काढून सगळे पांगले. ट्रेनमध्ये आत्या गप्प. ठाणं आलं तेव्हा म्हणाली, मला काय वेड लागलंय का गं?

आणि दादा, तुम्ही इंटरव्हलला परत आलात. कोणी बोलावलं नव्हतं. "आत्या, पाणी हवंय का?" विचारलंत आणि तिने लगेच तुम्हाला धरलं, की हे बॉक्स नवीन ना रे? तुम्ही म्हणालात, "बरोबर आहे तुमचं, सिनेमा केला तेव्हा काढले होते, आता जुने फोटो बघून परत बनवलेत." तिने माझ्याकडे असं काही बघितलं ना, जणू मीच तो गाइड.

मग ती वर बघत बसली. छताकडे, त्या सोनेरी नक्षीकडे. म्हणाली की एवढे पिक्चर बघितले इथे पण हे छत मी आज पहिल्यांदा बघतेय, आम्ही अंधारात यायचो आणि पिक्चर सुटला की ढकलाढकलीत बाहेर, वर कोण बघतंय. मला हे कधी सुचलंच नसतं. तुम्ही कठड्याला टेकून ऐकत उभे होतात, घड्याळाकडे न बघता. तुमची ड्युटी होती हे मला माहितीये, शंभर कामं असतील.

आजोबा, म्हणजे आत्याचे वडील, सांगायचे, पृथ्वीराज कपूर इथे नाटकं करायचे आणि प्रयोग संपला की स्वतः दारात झोळी पसरून, मान खाली घालून उभे राहायचे, गरजूंसाठी. एवढा मोठा नट, पण कोणी किती टाकले ते बघायचं नाही. आजोबांनी एक आणा टाकला होता आणि जन्मभर तो एक आणा आम्हाला ऐकवला. मला वाटतं चांगुलपणाची काही मोठी यंत्रणा लागत नाही, माणूस दारात नीट उभा राहिला तरी पुष्कळ झालं. आपल्याकडे लोक बिल्डिंगवर कोट्यवधी घालतात, घालूदेत, झुंबरं पुसा, काचा लावा, सगळं सुंदरच आहे, मी काही नावं ठेवत नाही. पण ते बघायला येणाऱ्या म्हाताऱ्या माणसाच्या पायाखाली उजेड कोण धरणार हे कुठल्या प्लॅनमध्ये लिहिलेलं नसतं. आणि तुमच्यासारख्याला त्याचं वेगळं काही वाटतपण नाही, मी थँक्यू म्हटलं तर तुम्ही "कशाला?" म्हणालात.

हे कोणी वाचत असेल आणि तिथे कामाला असलेल्या ह्या दादाला ओळखत असेल (बारीक मिशी, चष्मा, डाव्या मनगटात काळा दोरा) तर प्लीज त्यांच्यापर्यंत पोचवा.

आणि हो दादा, आत्याचा एक निरोप आहे, मी फक्त पोचवतेय. तुमचं लग्न झालंय का विचारलंय. नात्यात एक मुलगी आहे, बँकेत आहे, स्वभावाने शांत. आत्या म्हणते मुलगा बघायचं काम तिने केलेलं आहे, बाकीचं तुम्ही दोघं बघा.