छातीतली फडफड आणि तुझं घड्याळ

सोनू,

काल तू म्हणालास मधेच छातीत फडफडतं, एक ठोका चुकतो आणि मग एक धाडकन पडतो, आणि लगेच "आई, मला पण तुझ्यासारखंच झालंय का". फोनवर घाईत नीट सांगता आलं नाही म्हणून लिहितेय, पूर्ण वाच, स्क्रोल करून सोडू नकोस.

तू सांगतोस ते बहुतेक एक्टोपिक ठोके असावेत. हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात सायनस नोड असतो, तिथून प्रत्येक ठोक्याचा सिग्नल निघतो, पण कधीकधी दुसरीच एखादी जागा मधे तोंड घालते आणि ठोका वेळेआधीच पडतो. तो इतका हलका असतो की मनगटावर बऱ्याचदा कळत पण नाही, मग जरा गॅप, त्या गॅपमधे हृदय जास्त भरतं आणि पुढचा ठोका दणकन बसतो. म्हणजे तुला चुकला वाटतो तो खरं तर लवकर येऊन गेलेला असतो. ठणठणीत माणसांनाही होतं हे, रात्री सगळं शांत असताना जास्त जाणवतं इतकंच.

माझं एएफ, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन, वेगळं. त्यात वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरतात. कणीक मळताना धाप लागायची तेव्हा मी नाडी धरून बघायचे तर दोन ठोके लगोलग, मग थांबा, मग तीन, कशाचा कशाला मेळ नाही. अशा वेळी रक्त साकळून गुठळी होऊ शकते आणि ती मेंदूत गेली की पक्षाघात, म्हणून ती रक्त पातळ करायची गोळी. शेजारच्या काकू म्हणतात कशाला जन्मभर गोळ्या, अर्जुनाची साल उकळून घ्या. मी हो हो म्हणते आणि गोळी घेते.

आता तू काय करायचं ते सांगते. फडफड सुरू झाली की मनगटावर दोन बोटं ठेव. ताल नीट आहे आणि मधेच एखादा गळतोय, की सगळाच गोंधळ आहे, की बटण दाबल्यासारखं अचानक दीडशेच्या वर पळायला लागतं आणि तसंच अचानक थांबतं, हे तिन्ही प्रकार वेगवेगळे आणि डॉक्टर नेमकं हेच विचारतात. तुझ्या घड्याळात इसीजी आहे ना, तर तेव्हाच काढून सेव्ह कर, कारण दवाखान्यात जाईपर्यंत सगळं नॉर्मल झालेलं असतं आणि इसीजी स्वच्छ येतो. त्यासाठीच मग २४ तासांचा होल्टर, म्हणजे दिवसभर ठोके नोंदवणारं छोटं यंत्र, लावतात. थायरॉईड, हिमोग्लोबिन, पोटॅशियम पण तपासून घे. आणि नाईट शिफ्टला ते कॉफीवर कॉफी, एनर्जी ड्रिंक बंद (सिगारेट तू ओढत नाहीस असं मी धरून चालते).

पण चक्कर येऊन पडलास, छातीत दुखलं, खूप धाप लागली तर घड्याळ बघत बसू नकोस, मला फोन पण नको, सरळ १०८ लाव. जिममधे व्यायाम करताना धडधड झाली तर तिथेच थांब आणि त्याच दिवशी दाखव.

डॉक्टरांना माझं एएफ सांग, माझं साठीनंतर बीपीमुळे झालं हे पण सांग. आपल्याकडे तरुणपणी झटक्यात गेलेलं कोणी नाही, तेही विचारतील.

रिपोर्ट माझ्या नंबरवर टाक, बाबांच्या नको, ते लगेच फॅमिली ग्रुपवर टाकतात.

आई