गेंब्री, बेंदिर आणि निषेध

निषेधाच्या गाण्यांवरचा आपल्या पुरवणीतला लेख वाचला. अमेरिका, इंग्लंड आले. मोरोक्कोचा ‘नास अल गिवान’ मात्र राहूनच गेला. १९७०च्या सुमारास कॅसाब्लांकाच्या हाय मोहम्मदी या कामगारवस्तीतून हा चमू उभा राहिला. ग्नावा या मोरोक्कोतल्या आध्यात्मिक संगीतपरंपरेतले गेंब्री हे तीन तारांचे वाद्य, डफासारखे बेंदिर आणि जोडीला चक्क बेंजो! राजे हसन दुसरे यांच्या दडपशाहीत उघड बोलणे धोक्याचे. म्हणून सुफी पदांच्या, जुन्या म्हणींच्या आडून ते अन्यायावर गात. ऐकणाऱ्याला नेमके कळत असे. त्यांच्यावरचा १९८१चा ‘ट्रान्सेस’ हा माहितीपट जरूर पाहावा. मला शब्द कळत नाहीत, पण गेंब्रीचा तो खर्ज छातीत घुमतो. पुढच्या लेखात त्यांना जागा द्याच.

— एक वाचक, सातारा