कोटाचा खांदा आणि मॉड पोशाख

पुणे

चि. निरंजन यास आईचे अनेक आशीर्वाद.

मँचेस्टरहून पाठवलेले तुझे पत्र आणि छायाचित्रे मिळाली. लष्करी हिरव्या रंगाचा पार्का, गळ्यापर्यंत बटणे लावलेला फ्रेड पेरीचा शर्ट आणि स्वेडचे बूट असा वेष तू केला आहेस. १९६० च्या दशकातील ब्रिटिश तरुणांचा हा मॉड पोशाख कायमचा आपलासा करावा की नाही, याविषयी शिवणकाम शिकवण्यात आयुष्य घालवलेल्या आईचे स्पष्ट मत तू मागितले आहेस. अवश्य करावा. मात्र तुझ्या शर्टाचा खांदा दंडावर उतरला आहे आणि पार्काच्या आत तू काय घातले आहेस, ते एकाही छायाचित्रात दिसत नाही. मूळ मॉड मुलांच्या नजरेत याच दोन गोष्टी सर्वांत आधी भरल्या असत्या.

पार्का हा त्यांचा पोशाख नव्हता, पोशाखावरचे आच्छादन होते. अमेरिकी सैन्यासाठी १९५१ मध्ये ठरलेला हा नमुना, ज्याचा मागचा घेर दुभंगलेला असतो आणि थंडीत मांड्यांभोवती बांधता येतो, कोरियाचे युद्ध संपल्यानंतर सैन्याचा जादा माल विकणाऱ्या दुकानांत स्वस्तात मिळू लागला आणि स्कूटरवरून फिरणाऱ्या मुलांनी तो उचलला. पाऊस, चिखल आणि इंजिनाचे तेल यांपासून सूट वाचवणे एवढेच त्याचे काम होते. आज पार्का आणि त्यावर लावायला ब्रिटिश हवाई दलाचे लाल-पांढरे-निळे वर्तुळ विकत घेतले की मॉड झाल्याचे समाधान मिळते. परंतु आत जपण्यासारखे काहीच नसेल, तर त्या आच्छादनाला अर्थ उरत नाही, असे मला ठामपणे वाटते.

१९५० च्या दशकाच्या अखेरीस लंडनमध्ये, विशेषतः सोहोच्या क्लबांत, आधुनिक जॅझ ऐकणाऱ्या थोड्या तरुणांपासून ही परंपरा सुरू झाली. त्यांच्या आधी टेडी बॉईज होऊन गेले होते. महायुद्धानंतर लंडनच्या सॅव्हिल रो या नामांकित शिंप्यांच्या रस्त्यावरील शिंप्यांनी श्रीमंत गिऱ्हाइकांसाठी राजा सातव्या एडवर्डच्या काळातला लांब कोट पुन्हा काढला आणि कामगार वस्त्यांतील मुलांनी तो उचलून आपल्या पद्धतीने शिवून घेतला. टेडी बॉय रस्त्याच्या पलीकडूनही ओळखू येई. मॉड मुलगा दुरून एखाद्या कचेरीतला नीटनेटका कारकून वाटे, आणि त्यांतले पुष्कळजण खरोखरच कारकून, निरोपे किंवा दुकानांतले मदतनीस होते. तो जवळ आल्यावर, तेही जाणकारालाच, कोटाच्या बाजूच्या कटांची लांबी, बाहीवरच्या बटणांची काजे, पँटची अरुंद मोहरी, म्हणजे पायाशी येणारा घेर, आणि बुटावर नेमकी टेकलेली किनार दिसे. लक्ष वेधण्यासाठी नव्हे, तर ज्याला कळते त्याला कळावे म्हणून केलेला हा पोशाख होता, आणि म्हणूनच मला तो इतर सर्व ब्रिटिश युवा-पंथांच्या वेषांपेक्षा श्रेष्ठ वाटतो.

या मुलांना हे परवडले कसे, असे तू विचारले आहेस. त्या काळच्या ब्रिटनमध्ये कामाला तोटा नव्हता, १५ व्या वर्षी शाळा सोडून नोकरी धरता येत होती आणि घरात थोडे पैसे दिल्यावर उरलेला पगार स्वतःचा होता. सक्तीच्या लष्करी सेवेची नवी भरती १९६० च्या अखेरीस थांबल्यामुळे ऐन उमेदीची दोन वर्षे गणवेशात घालवण्याची वेळही त्यांच्यावर आली नाही. पहिल्या मॉड मुलांपैकी कितीतरी पूर्व आणि उत्तर लंडनमधील ज्यू कुटुंबांतली होती, जिथे कपडे शिवण्याचा धंदा पिढ्यान्‌पिढ्या चालत आला होता, त्यामुळे चांगल्या कोटात काय असावे लागते हे त्यांनी घरीदारी ऐकलेले होते. सप्टेंबर १९६२ मध्ये ‘टाउन’ या मासिकाने अशा काही मुलांवर लेख छापला. त्यात छायाचित्रकार डॉन मॅककलिन यांनी टिपलेल्या मुलांमध्ये १४ वर्षांचा मार्क फेल्ड होता, जो पुढे मार्क बोलन या नावाने गायक म्हणून प्रसिद्ध झाला. ट्रकचालकाचा हा मुलगा त्या वयात आपल्या कपड्यांविषयी एखाद्या मुरलेल्या गिऱ्हाइकाच्या अधिकाराने बोलत होता. द हू या वाद्यवृंदाचे सुरुवातीच्या काळातील व्यवस्थापक पीट मीडन यांनी कठीण परिस्थितीत स्वच्छ जगणे अशी मॉडपणाची व्याख्या केली होती आणि मला ती अक्षरशः खरी वाटते. अर्थात त्या जगात रात्रभर नाचता यावे म्हणून अँफेटामिन या उत्तेजक द्रव्याच्या गोळ्या सर्रास घेतल्या जात आणि त्यांनी अनेकांचे नुकसान केले, हेही आई म्हणून मी लिहिलेच पाहिजे.

आता कापणीविषयी. आरंभीचा मॉड कोट इटालियन वळणाचा होता. तो आखूड, सरळ बाजूंचा, अरुंद लॅपेलचा, म्हणजे छातीवर उलटलेल्या अरुंद पट्टीचा असे आणि खालच्या पँटला दुमडपट्टी नसे. पुढे तीन बटणांचा, किंचित लांब आणि मागे दोन बाजूंना कट असलेला कोट रूढ झाला. शर्टाच्या कॉलरची टोके बटणांनी अडकवण्याची पद्धत अमेरिकी विद्यापीठांतल्या तरुणांच्या वेषातून आली. या सर्वांत फॅशनचा भाग थोडा आणि शिवणकामाचा भाग मोठा आहे. अरुंद कोट सुखकर व्हायचा असेल तर मुंढा, म्हणजे बाही जोडली जाते तो काखेचा घेर, वर आणि लहान घ्यावा लागतो, कारण मुंढा खोल घेतला की हात उचलताच संपूर्ण कोट वर चढतो; आणि मुंढा वर घ्यायचा तर खांद्याची शिवण हाडावरच संपली पाहिजे, कारण तिथे झालेली चूक पुढे कुठेही लपवता येत नाही. तयार कपडा विकत घेताना छाती आणि लांबी नंतर दुरुस्त करून घेता येते, खांदा मात्र क्वचितच. तुझ्या शर्टाविषयी मी आरंभीच लिहिले, त्याचे कारण हे. चांगल्या नावाच्या सैल शर्टापेक्षा बिननावाचा पण खांद्यावर बसलेला शर्ट अधिक मॉड आहे.

हा पंथ टिकला थोडा आणि विकला गेला फार. ग्लासगोहून आलेल्या जॉन स्टीफन या तरुणाने लंडनच्या कार्नबी स्ट्रीटवर दुकान थाटले, नवे नमुने झपाट्याने आणि कमी संख्येने काढले आणि काही वर्षांत त्या एका गल्लीत त्याची अनेक दुकाने झाली. मुलींच्या बाजूने मेरी क्वांट यांचे किंग्ज रोडवरील ‘बझार’ हे दुकान १९५५ पासून होतेच. १९६४ मध्ये बार्बरा हुलानिकी यांनी वृत्तपत्रातून टपालाने विकायला काढलेल्या गुलाबी चौकटीच्या साध्या झग्याला सुमारे १७,००० मागण्या आल्या आणि त्यातून ‘बीबा’ हे दुकान उभे राहिले. पगारदार मुलीला परवडेल असा आणि तिला धावता, नाचता, बस पकडता येईल असा कपडा त्यांनी दिला, याचे मोल मी मोठे मानते. मात्र १९६६ पर्यंत कार्नबी स्ट्रीट पर्यटकांची बाजारपेठ झाली होती आणि जुनी जाणकार मुले तिथून केव्हाच निघून गेली होती.

या पोशाखातल्या वस्तू मुळात कुठून आल्या, हे पाहशील तर आपण त्यात उपरे नाही, हे तुझ्या लक्षात येईल. फ्रेड पेरी हा सूतगिरणीत काम करून पुढे मजूर पक्षाचा खासदार झालेल्या बापाचा मुलगा. उच्चभ्रूंच्या विम्बल्डनवर १९३४ ते १९३६ अशी सलग तीन वर्षे त्याने विजेतेपद मिळवले आणि १९५२ मध्ये त्याच्या नावाचा शर्ट बाजारात आला. तुझ्या पायांतल्या बुटांचा नमुना नेथन क्लार्क यांनी १९५० च्या सुमारास काढला. दुसऱ्या महायुद्धात ते ब्रह्मदेशात असताना सोबतच्या अधिकाऱ्यांनी कैरोच्या बाजारातून घेतलेले क्रेप रबराच्या तळाचे बूट त्यांनी पाहिले होते. उन्हाळी कोटांचे मद्रासी चौकटीचे सुती कापड तर आपल्याच दक्षिणेचे. आणि स्कूटर! ज्या लॅम्ब्रेटाला आरसे आणि दिवे लावून ही मुले समुद्रकिनारी जात, तीच इटालियन लॅम्ब्रेटा मुंबईत भांडुपच्या ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडियाच्या कारखान्यात तयार होत होती, आणि १९६० च्या दशकात बजाज इटलीच्या पियाज्जो कंपनीच्या परवान्यावर व्हेस्पा बनवत होते. इटलीतील उत्पादन बंद पडल्यावर १९७२ मध्ये ती यंत्रसामग्री लखनौच्या स्कूटर्स इंडियाने विकत घेतली, त्यामुळे पुढच्या काळात ब्रिटनमधील शौकिनांना नवी लॅम्ब्रेटा हवी असेल तर ती पुष्कळदा भारतातून येत असे. आपल्याकडे ज्या स्कूटरवर बाप मुलाला पुढे उभा करून शाळेत सोडत असे, तिला तिकडे एवढे लेणे चढले, याचा मला मनापासून आनंद वाटतो.

एक गोष्ट मात्र जाणून घेतल्याशिवाय हे कपडे घालू नकोस. १९६४ मध्ये ईस्टरला क्लॅक्टन येथे आणि मे महिन्यात मार्गेट व ब्रायटन येथे मॉड आणि मोटारसायकलवाले रॉकर यांच्यात झालेल्या मारामाऱ्या वृत्तपत्रांनी अतोनात फुगवल्या, त्या बाजूला ठेवू. गंभीर बाब पुढची आहे. मॉड मुलांच्या कडव्या शाखेतून १९६० च्या दशकाच्या अखेरीस डोके भादरणारे स्किनहेड निघाले. त्यांचे आरंभीचे संगीत जमैकाच्या स्थलांतरितांचे होते, तरी पुढच्या दशकात त्यांच्यातला एक मोठा गट वर्णद्वेष्ट्या पक्षांच्या नादी लागला. ४ मे १९७८ रोजी पूर्व लंडनमध्ये अल्ताब अली या कपडे शिवणाऱ्या बंगाली तरुणाचा वर्णद्वेषातून खून झाला, तेव्हा त्या भागातील आशियाई माणसे रोज अशा भीतीत जगत होती. आणि जुलै १९८१ मध्ये लंडनमधील साउथॉल या भारतीय वस्तीत एका पबमधील संगीताच्या कार्यक्रमासाठी बसगाड्या भरून स्किनहेड आले, तेव्हा स्थानिक तरुणांनी तो पब पेटवून दिला. त्या पिढीतल्या एखाद्या वयस्क भारतीयाला आखूड केस आणि फ्रेड पेरीचा शर्ट पाहून आजही अस्वस्थ वाटू शकते. तसे झाले तर रागावू नकोस, त्यांच्याशी आदराने बोल. हा वारसा परत खेचून आणणारेही होतेच. १९७९ मध्ये कॉव्हेंट्री येथे संगीतकार जेरी डॅमर्स यांनी ‘टू टोन’ ही ध्वनिमुद्रिका कंपनी काढली, काळी आणि गोरी मुले अरुंद सुटांत एकत्र वाजवू लागली, आणि काळ्यापांढऱ्या चौकटींचे कंपनीचे चिन्ह त्यांच्या एकत्र असण्याचे चिन्ह झाले. फ्रेड पेरी कंपनीनेही एका अतिउजव्या गटाने तिचा काळापिवळा शर्ट गणवेश केला तेव्हा तो उत्तर अमेरिकेत विकणे थांबवल्याचे २०२० मध्ये जाहीर केले. तू यांपैकी कोणाच्या बाजूने तो शर्ट घालतोस, हे तुझ्या बोलण्याचालण्यातून दिसत राहू दे.

सूट मी शिवून देईन. कापड मोहेर (अंगोरा शेळीचे केस) आणि लोकर यांच्या मिश्रणाचे घेऊ, कारण मोहेरचा धागा ताठ असल्याने ते चुरगळत नाही आणि त्याला आपोआप चमक येते. या कापडात उभा धागा एका रंगाचा आणि आडवा दुसऱ्या रंगाचा असतो, त्यामुळे चालताना रंग बदलतो. तुझ्या आजीच्या धूपछाव पैठणीचे विणकामही याच तत्त्वाचे आहे. निळा आणि गडद तपकिरी हा मेळ तुझ्या वर्णाला शोभेल. हिरवा-सोनेरी घेऊ नये, तो रंगमंचावरचा वाटतो. तीन बटणे, अरुंद लॅपेल आणि बाजूचे कट पाच इंच ठेवू.

माप घेताना मित्राला मागे उभा कर, श्वास रोखू नकोस आणि खांद्याचे माप हाडापासून हाडापर्यंत घ्यायला सांग. पँटची उंची तेच बूट घालून मोजायची, अनवाणी नव्हे. मोहरी सोळा इंच धरते, हरकत असेल तर कळव. डिसेंबरात तू येशील तोवर कोट कच्च्या टाक्यांवर तयार असेल आणि खांदा ट्रायलनंतरच पक्का करीन. अस्तराचा रंग तू ठरव, पण लवकर कळव, कारण चांगले अस्तर मागवावे लागते.

तुझी,
आई