सलूनमध्ये मान मोडण्याची पद्धत बंद व्हावी

मा. संपादक,
स. न.

केस कापून झाल्यावर डोक्याला मालिश आणि शेवटी मान मोडून देणे, ही अनेक सलूनमधील जुनी पद्धत आहे. एक हात हनुवटीखाली, दुसरा डोक्यामागे आणि गिऱ्हाईक बेसावध असताना आधी एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला झटका. 'कट्' असा आवाज आला की मान मोकळी झाली, असे दोघांनाही वाटते. मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि माझ्याकडे मानेची तक्रार घेऊन येणाऱ्यांपैकी बरेच जण आधी हा उपाय करून आलेले असतात, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

तो आवाज हाड जागेवर बसल्याचा नसतो. सांध्यातील द्रवात वायूची पोकळी तयार होते, त्याचा असतो. मेंदूच्या मागील भागाला रक्त पुरवणाऱ्या दोन धमन्या मानेच्या मणक्यांतील छिद्रांमधूनच वर जातात आणि अशा झटक्याने धमनीचे आतील अस्तर फाटून, तिथे गुठळी होऊन पक्षाघात झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. त्यांत तरुण माणसेही आहेत. असे क्वचितच घडते हे खरे, परंतु घटकाभराच्या मोकळेपणासाठी ही जोखीम का घ्यावी?

उशी नीट नसल्याने किंवा तासन्‌तास मोबाइलवर मान घालून बसल्याने अवघडलेली मान बहुधा काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत सुधारते. गरम शेक घ्यावा, झेपेल तेवढी मान हळूहळू हलवत राहावे, एका जागी फार वेळ बसू नये. गळ्याचा पट्टा स्वतःच्या मनाने महिनोन्‌महिने वापरल्यास स्नायू उलट कमजोर होतात. 'मणक्यात गॅप आहे' हे ऐकून खचलेले रुग्ण पाहिले की वाईट वाटते, कारण वयानुसार होणारी मणक्यांची झीज काहीही न दुखणाऱ्यांच्या एमआरआयमध्येही दिसते.

मात्र काही वेळा थांबणे धोक्याचे असते. अपघातानंतर मान दुखत असेल तर ती हलवू न देता १०८ ला फोन करावा. अचानक तीव्र वेदना होऊन तोल जाणे, बोबडी वळणे किंवा एकाचे दोन दिसणे; तापासोबत मान ताठ होणे; छातीत दडपण व घाम येऊन मान, जबडा किंवा हात दुखणे, यांपैकी काहीही झाल्यास तडक रुग्णालय गाठावे. मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती हळूहळू वाढणाऱ्या लक्षणांची. शर्टाची बटणे लावता न येणे, चालताना पायातली चप्पल निसटलेली न कळणे, लघवीवरचा ताबा सुटणे हे मज्जारज्जूवर दाब आल्याचे लक्षण असू शकते, आणि घरातले मात्र 'वयच झाले' म्हणून गप्प बसतात. रात्री वाढणारे दुखणे, संध्याकाळचा बारीक ताप आणि घटणारे वजन यांमागे मणक्याचा क्षयरोग (टीबी) असू शकतो. त्याची औषधे सरकारी दवाखान्यांत मोफत मिळतात.

सलून व्यावसायिकांच्या संघटनांनी आपल्या सभासदांना डोक्याची मालिश खुशाल चालू ठेवून मानेचा झटका तेवढा बंद करण्यास सांगावे आणि आरोग्य विभागाने वरील लक्षणे प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या भिंतींवर ठळक मराठीत लिहावीत, ही विनंती.

आपली,
एक फिजिओथेरपिस्ट, सातारा