रंगाच्या गनमागचा माणूस

संपादक महोदय,

मी सैन्यात सतरा वर्षे गाड्या रंगवल्या. शक्तिमान, निस्सान वन-टन, जोंगा. जुना रंग पॉलिश पेपरने घासायचा, लांबी (पुट्टी) भरायची, पिवळा झिंक क्रोमेट प्रायमर मारायचा आणि वर हिरवा. तोंडाला रुमाल. रात्री नाक शिंकरलं की पिवळं निघायचं. बायको म्हणायची, हळद हुंगून आलात की काय! त्या पिवळ्यातलं क्रोमियम कर्करोगाला कारण ठरतं, हे मला पेन्शनीत निघाल्यावर कळलं.

मग भोसरीत एका बॉडी शॉपला लागलो. तिथे टू-पॅक पीयू (पॉलियुरेथेन), म्हणजे रंगाचा डबा वेगळा, हार्डनर वेगळा. हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. 1984 साली भोपाळला सुटलेला वायू याच कुळातला, अर्थात कितीतरी जहाल. आयसोसायनेटची खोड अशी, की अपाय होण्याइतकं हवेत असलं तरी वास येत नाही. नाकाला झोंबतो तो थिनर. थिनरचा वास विरला की आम्ही रुमाल सोडून चहाला बसायचो, तिथेच. एकदा शरीराने याचा धसका घेतला की पुढे किंचितही पुरतं, दमा उठतो. माझा उठला. पर्वतीच्या 103 पायऱ्यांना आता तीनदा टेकतो.

अमेरिकी सैन्याच्या गाड्यांनाही असाच पॉलियुरेथेन रंग असतो. विषारी रसायनं त्यात मुरत नाहीत, गाडी धुऊन काढता येते. 1990-91 च्या आखाती युद्धात हिरव्या गाड्या सौदीच्या बंदरांवर घाईने वाळूच्या रंगात रंगवल्या गेल्या, आणि फवारणाऱ्या काही जणांकडे धड मास्कही नव्हते. वाळलेल्या रंगाचा त्रास नाही, हे खरंच. गाडीत बसणाऱ्याने घाबरू नये. धोका फवारताना, घासताना आणि रंगावरच वेल्डिंग मारताना. पण अमेरिकेच्या माजी सैनिकांच्या खात्याने हा रंग त्या युद्धातल्या घातक संपर्कांच्या यादीत नाव घेऊन घातला आहे.

माझ्या कागदांवर फक्त 'पेंटर' आहे. तीन डॉक्टरांनी विडी ओढता का विचारलं (नाही ओढत). काम काय करायचात, हे चौथ्याने विचारलं. म्हणून मागणी एवढीच: रंगकामाचा जवान निवृत्त होताना कोणता रंग, किती वर्षं फवारला हे त्याच्या वैद्यकीय कागदांत लिहा, आणि नोकरीत असताना दरवर्षी त्याला फुंकनळीची, म्हणजे नळीत फुंकून फुप्फुसांची ताकद मोजायची, तपासणी द्या. फवारणीला बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मास्कच हवा.

परवा त्या शॉपवर गेलो होतो. गनवर धाराशिवकडचा एक नवा पोरगा आहे, वीस-एकवीसचा, तोंडाला चौकडीचा रुमाल. मी रागावलो तर म्हणाला, "काका, आता वास कुठे येतोय?" पत्र छापलंत तर कात्रण त्याला नेऊन देईन.

– एक माजी सैनिक, दिघी, पुणे