कामांना तारखेचा क्रम लावून देणाऱ्यास आभारपत्र

सप्रेम नमस्कार विनंती विशेष,

ऑर्ग-मोडमधील (ईमॅक्स या मजकूर-संपादकात टिपणे आणि कामे ठेवण्याची सोय) माझ्या कामांच्या फाइलीचा गुंता आपण सोडवून दिलात, त्याला आता बरेच दिवस झाले. त्या वेळी मी दोन ओळींचा धन्यवाद पाठवला होता, पण आपण केलेल्या मदतीच्या मानाने तो फारच तोकडा होता. हे पत्र मी मुद्दाम उघडपणे लिहीत आहे, कारण ज्या चुका मी केल्या त्या करणारी मी एकटी नसणार, आणि आपण दिलेले स्पष्टीकरण माझ्याच फाइलीपुरते राहू नये असे मला वाटते.

माझे काम अनुवादाचे आहे. एका वेळी सात-आठ मजकूर हातात असतात आणि प्रत्येकाची सुरुवात, पहिला खर्डा, तपासणी आणि सोपवणी यांच्या तारखा निरनिराळ्या असतात. ईमॅक्समध्ये हे सारे मी एकाच फाइलीत ठेवते. मजकुराचे नाव हे मुख्य शीर्षक, त्याखाली टू-डू असा शब्द लावलेली कामे आणि कामाखाली टिपणे, अशी तिची रचना आहे. कार्स्टन डॉमिनिक या खगोलशास्त्रज्ञाने २००३ साली ऑर्ग-मोड लिहायला घेतले तेव्हा साध्या मजकुराच्या फाइलीत टिपणे आणि कामे एकत्र नांदावीत हाच हेतू होता असे म्हणतात, आणि मला त्याची ओढ लागली तीही त्यामुळेच. शीर्षके मिटता येतात, उघडता येतात, आणि एखादे काम हलवले की त्याखालची टिपणेही त्याच्याबरोबर जातात.

अडचण आली ती कामे तारखेप्रमाणे लावताना. कंट्रोल-सी आणि त्यामागून कॅरेटचे चिन्ह (^) दाबले की कशाच्या आधारे क्रम लावायचा असे विचारले जाते, आणि तिथे वेळेसाठी असलेले 'टी' अक्षर मी दाबत असे. ज्या दिवशी मी आपल्याला लिहिले त्या दिवशी १४ जून होता. यादीत सर्वांत वर ११ जूनचे राहून गेलेले काम आले, ते ठीकच होते. त्याखाली तारीख नसलेली चार कामे, त्यांच्यातच मिसळलेले २८ जूनचे एक आणि १० जूनचे एक, आणि त्यानंतर १५, १७, २० असा व्यवस्थित क्रम. १० तारीख ११ च्या खाली आणि २८ तारीख १५ च्या वर कशी, हे काही केल्या उमगत नव्हते. सोयच बिघडलेली आहे असे मी मनाशी ठरवूनही टाकले होते, आणि आपल्याला लिहिलेल्या पहिल्या निरोपात तसे जरा तिखट शब्दांत म्हटलेही होते. त्याबद्दल इथे क्षमा मागते.

आपण तिखटपणाकडे दुर्लक्ष केलेत आणि फाइलीतला तेवढा भाग मागवून घेतलात. आपल्या उत्तरातली पहिली गोष्ट अशी होती की तारीख नसलेल्या कामाला क्रम लावताना त्या क्षणाची वेळ दिली जाते. म्हणजे अशी कामे यादीच्या शेवटी जात नाहीत, तर मुदत उलटून गेलेली कामे वर आणि पुढे यायची कामे खाली, यांच्या मधोमध बसतात. हे कळताच अर्धे कोडे सुटले. उरलेले अर्धे तर आपण वाचता वाचताच पकडलेत. ती दोन कामे लिहिताना माझा कळफलक देवनागरीत होता, त्यामुळे कामाखाली < > अशा कोनी कंसात लिहायची तारीखही मी देवनागरी अंकांत लिहून गेले होते. डोळ्यांना '२०२४-०६-२८ शुक्र' अगदी बरोबर दिसते, पण ऑर्ग-मोड तारीख ओळखतो ती फक्त इंग्रजी अंकांत. वाराचे नाव मराठीत असले तरी त्याला चालते, अंक मात्र चालत नाहीत. त्याच्या लेखी ती दोन्ही कामे बिनतारखेची होती, म्हणून ती बिनतारखेच्या घोळक्यात जाऊन बसली. (या पत्रात अंक देवनागरीत आहेत, फाइलीत ते आता इंग्रजीत आहेत, याची खात्री बाळगावी.) तेव्हापासून मी तारीख हाताने लिहीत नाही. मुदतीसाठी कंट्रोल-सी, कंट्रोल-डी आणि सुरुवातीसाठी कंट्रोल-सी, कंट्रोल-एस दाबते, आणि अधिक तीन दिवस असे सांगितले की तारीख आपोआप योग्य रूपात उमटते.

इथे आपण थांबला असतात तरी माझे काम झाले असते. पण आपण पुढे विचारलेत, "तुम्हाला क्रम नेमका कोणत्या तारखेचा हवा आहे?" खरे सांगायचे तर हा प्रश्न मी स्वतःला कधी विचारलाच नव्हता. माझ्या बहुतेक कामांना दोन तारखा होत्या. एक 'शेड्यूल्ड', म्हणजे काम हाती घ्यायचा दिवस, आणि दुसरी 'डेडलाइन', म्हणजे ते सोपवायचा दिवस. 'टी' अक्षराने क्रम लावला की कामात सर्वांत आधी लिहिलेली कोनी कंसातली तारीख धरली जाते, मग ती सुरुवातीची असो, मुदतीची असो की टिपणात सहज लिहिलेली एखाद्या बैठकीची. तशी एकही नसेल तरच चौकोनी कंसातली तारीख पाहिली जाते. परिणामी माझ्या यादीत काही कामे सुरुवातीच्या दिवसावर आणि काही मुदतीवर लावली जात होती, आणि वरवर नीटनेटका दिसणारा तो क्रम मुळात कशाचाच क्रम नव्हता. आता मुदतीचा क्रम हवा असेल तर मी 'डी' दाबते, सुरुवातीचा हवा असेल तर 'एस', आणि उलटा क्रम हवा असेल तर तेच अक्षर कॅपिटलमध्ये.

आपण सांगितलेली एक युक्ती तर मी रोज वापरते. आधी मुदतीप्रमाणे क्रम लावायचा आणि मग लगेच 'ओ' दाबून कामाच्या स्थितीप्रमाणे लावायचा. दुसऱ्या वेळी समान स्थितीच्या कामांचा आपसातला क्रम बिघडत नाही, त्यामुळे बाकी कामे वर मुदतीच्या क्रमाने राहतात आणि संपलेली खाली, तीही मुदतीच्याच क्रमाने. महत्त्वाची कसोटी शेवटी लावायची, हे आधी मला उलटे वाटले होते. दोनदा करून पाहिल्यावरच पटले.

एका बाबतीत मात्र मी आपल्याशी हुज्जत घातली होती. निरनिराळ्या मजकुरांखालची कामे एकाच क्रमात यावीत असा माझा हट्ट होता. ज्या शीर्षकावर कर्सर असेल त्याच्या थेट खालच्या पातळीवरच क्रम लागतो, त्यामुळे एका मजकुराचे काम दुसऱ्या मजकुराच्या कामांत कधीच मिसळत नाही. मला तो दोष वाटत होता. आपण शांतपणे लिहिलेत की फाइलीतला क्रम आणि पाहण्याचा क्रम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरीसाठी अजेंडा आहे. अजेंडा सर्व शीर्षकांखालची कामे गोळा करून दाखवतो आणि फाइलीतली एक ओळही हलवत नाही. 'ऑर्ग-अजेंडा-सॉर्टिंग-स्ट्रॅटेजी' या सेटिंगमध्ये टू-डू यादीसाठी 'डेडलाइन-अप' (जवळची मुदत आधी) लिहून देण्याएवढेच काम माझ्याकडे उरले, आणि ती ओळसुद्धा आपणच लिहून पाठवलीत. मुदतीच्या १४ दिवस आधीपासून आठवड्याच्या अजेंड्यात काम दिसू लागते, हेही मला तेव्हाच कळले. त्याआधी एवढ्या लवकर येणारी ती सूचना मी कटकट समजून डोळ्याआड करत होते.

हे पत्रही माझ्या फाइलीत एक काम म्हणूनच होते, 'आभार लिहिणे' असे, तारखेविना. 'टी' ने क्रम लावला की ते रोज राहून गेलेल्या कामांच्या खाली आणि यायच्या कामांच्या वर तसेच उभे दिसे. गेल्या सोमवारी मी त्याला मुदत दिली. ती आज आहे. आता सही करते आणि त्या ओळीवर 'डन' लावते.

आपली कृतज्ञ,
एक अनुवादिका