सईला, नदीवर जाण्यापूर्वी

चि. सईस,

अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेली सामानाची यादी काल रात्री वाचली. मासेमारीचा रॉड, रीळ आणि गळाला लावायच्या कृत्रिम माश्यांच्या (कीटकांच्या) डब्यांविषयी तू पानभर लिहिले आहेस, कपड्यांना मात्र जेमतेम दोन ओळी मिळाल्या आहेत आणि वेडर्सच्या, म्हणजे पाण्यात उभे राहताना घालायच्या त्या उंच जलरोधक विजारीच्या, कमरपट्ट्याचा उल्लेख कुठेच नाही. तो वेडर्सबरोबर असतोच, असे तू म्हणशील. पण असणे वेगळे आणि आवळून बांधणे वेगळे.

सकाळी ऊन, दुपारी गारा आणि संध्याकाळी झोंबरा वारा, असा दिवस तिकडे सहज निघतो असे तूच लिहितेस. तेव्हा एका जाड कोटावर विसंबू नकोस. अंगालगत पातळ लोकरी कपडा, त्यावर फ्लीस आणि सर्वांत वर पाणी रोखणारे आखूड जाकीट असे घे, म्हणजे हवेप्रमाणे चढवता-उतरवता येईल. सुती बनियन ओले झाले की वाळत नाही आणि ऊब घालवते. पिसांचे जाकीटही भिजले की निकामी होते, म्हणून ते लॉजवरच ठेव. कोरड्या कपड्यांचा एक जोड जलरोधक पिशवीत घालून नदीवर सोबत असू दे. एवढ्यासाठी कृत्रिम माश्यांची एक डबी कमी झाली तरी ट्राउट मासे रागावणार नाहीत.

वेडर्समध्ये पाणी भरले तरी माणूस त्यामुळे बुडत नाही, हे तू मागे मला समजावले होतेस आणि ते मला पटलेही आहे. परंतु पाण्याने भरलेले पाय ओढत काठावर चढायचे कसे, हे तू सांगितले नाहीस. पाणी अंगातील उष्णता हवेच्या सुमारे 25 पट वेगाने खेचून घेते. गार पाण्यात पडल्यावर पहिल्या मिनिटात श्वास आवरत नाही आणि साधारण 10 मिनिटांत बोटे ऐकेनाशी होतात. पट्टा आवळलेला असला तर निदान पाणी भराभर आत शिरत नाही. हे व्याख्यान झाले, क्षमा कर. तुझ्या बाबांनंतर ही सवय माझ्याकडे आली आहे.

दोऱ्याच्या टोकाला लोकरीचा गोंडा बांधून तू कोरड्या मैदानात फेकीचा सराव करायचीस आणि बाबा मागे उभे राहून, घड्याळाच्या 10 आणि 2 या आकड्यांच्या मध्येच रॉड फिरव, असे ओरडायचे, ते आठवते. तू रडायचीस, पण रॉड खाली ठेवत नव्हतीस. आता लोक तुझ्याकडून फेक शिकतात, हे मी शेजारी-पाजारी गरजेपेक्षा जास्त वेळा सांगते.

मात्र वीज कडाडू लागली तर तो रॉड खाली ठेवच. कार्बन फायबरमधून वीज वाहते. ध्रुवित काचांचा चष्मा पाण्याचा तळ दिसावा म्हणून घेशीलच, पण वाऱ्यात भरकटलेला गळ डोळ्यांत जाऊ नये म्हणून ढगाळ दिवशीही तो काढू नकोस. पाणी गढूळ होऊन चढू लागले, तर समोर कितीही मोठा मासा असला तरी बाहेर ये. आणि पट्टा वेडर्स चढवतानाच बांध, काठावर पोहोचल्यावर नव्हे.

दादाला या प्रवासाविषयी मी अजून काही बोललेले नाही. मधूच्या त्या प्रसंगानंतर नदीचे नाव काढले की तो उठून जातो. त्याला तूच निघण्यापूर्वी फोन करून सांग.

तुझी,
आई